पाठकोऱ्या कागदाचे गांधीजी : पाचगणीतून गेलेली दोन पत्रं आणि हातकागदाची गोष्ट

ऑक्टोबर उजाडला की स्टेशनरीच्या दुकानांत कागदाला भाव येतो. आकाशकंदिलासाठी पतंगी कागद, शाळेच्या हस्तकलेसाठी घोटीव कागद, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांसाठी जाड कार्डशीट. गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांत ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनची भोपळ्याच्या चेहऱ्याची कार्डंही दिसू लागली आहेत. या सगळ्यात महाग असतो तो खरबरीत, कडा वेड्यावाकड्या असलेला, मध्येच एखादी पाकळी किंवा पान अडकलेला कागद. तो म्हणजे हातकागद. हाताने बनवलेलं कार्ड खास वाटावं म्हणून तो मुद्दाम विकत घेतला जातो.

हा कागद आज आपल्या हातात पडतो, त्यामागे ज्या माणसाचा मोठा वाटा आहे, त्याचा जन्मदिवसही याच महिन्यात येतो. मोहनदास करमचंद गांधी. मीठ आणि खादी यांच्याशी त्यांचं नाव लगेच जोडलं जातं. कागदाशी असलेलं नातं मात्र फारसं सांगितलं जात नाही. वास्तविक त्यांचं सगळं सार्वजनिक आयुष्य कागदावर उभं होतं. साप्ताहिकं, पत्रं, पोस्टकार्डं, मौनाच्या दिवशीच्या चिठ्ठ्या, पाकिटांच्या कोऱ्या पाठी. त्यातली दोन महत्त्वाची पत्रं सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीतून गेली. ही गोष्ट त्या कागदाची आहे.

पै-पैचा हिशेब

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. वकिलीच्या शिक्षणासाठी ते १८८८ मध्ये लंडनला गेले. तिथे त्यांनी एक सवय लावून घेतली. बसचं भाडं, टपालाची तिकिटं, वर्तमानपत्र असा दिवसभराचा किरकोळ खर्चही ते लिहून ठेवत आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवत. पुढे लाखो रुपयांचे सार्वजनिक निधी त्यांच्या हातून गेले, तेव्हा हीच सवय कामाला आली.

एका गोष्टीची खंत मात्र त्यांना आयुष्यभर राहिली. त्यांचं अक्षर चांगलं नव्हतं. लहानपणी सुंदर हस्ताक्षराची काही गरज नाही असा त्यांचा समज होता. दक्षिण आफ्रिकेत तिथल्या तरुणांचं वळणदार अक्षर पाहिल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. आत्मकथेत त्यांनी यावरून एक मत मांडलं आहे. मुलांना आधी चित्र काढायला शिकवावं, मग अक्षर गिरवायला द्यावं. पक्षी, फुलं यांचे आकार पाहून काढायला शिकलेला हात अक्षरही नीट काढतो, असा त्यांचा तर्क होता. शाळेतल्या चित्रकलेच्या आणि हस्तकलेच्या तासाला दुय्यम समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फिनिक्सचा छापखाना

दक्षिण आफ्रिकेत १९०३ मध्ये 'इंडियन ओपिनियन' हे साप्ताहिक सुरू झालं. सुरुवातीला ते इंग्रजी, गुजराती, हिंदी आणि तमिळ अशा चार भाषांत निघत होतं. पुढच्याच वर्षी गांधीजींनी डर्बनजवळ फिनिक्स इथे वसाहत वसवली आणि छापखाना तिथे हलवला.

तिथला पहिलाच अंक छापायच्या रात्री इंजिन बंद पडलं. अशी वेळ येऊ शकते म्हणून हाताने फिरवायचं एक चाक आधीच बसवून ठेवलं होतं. थकून झोपलेल्या सुतारांना उठवण्यात आलं, वसाहतीतल्या लोकांनी आळीपाळीने चाक फिरवलं आणि अंक वेळेवर निघाला. साप्ताहिकाचं पान जुन्या आकारात मोठं होतं. यंत्र बंद पडलं तर छोट्या, पायाने चालणाऱ्या यंत्रावरही अंक काढता यावा, म्हणून पानाचा आकार लहान करून फुलस्केप करण्यात आला.

फिनिक्समध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने खिळे जुळवायला शिकावं असा नियम होता. गांधीजी स्वतःही शिकले. लिहिणारा वेगळा आणि छापणारा वेगळा ही विभागणी त्यांना मान्य नव्हती. कागदावर उमटणाऱ्या प्रत्येक अक्षरामागे कुणाच्या तरी बोटांचं काम असतं, हे त्यांनी तिथे स्वतः अनुभवलं.

जहाजावरची २७५ पानं

नोव्हेंबर १९०९ मध्ये गांधीजी इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परत निघाले होते. जहाजाचं नाव किल्डोनन कॅसल. १३ ते २२ नोव्हेंबर अशा दहा दिवसांत त्यांनी 'हिंद स्वराज' हे पुस्तक गुजरातीत लिहून काढलं. लिहिण्यासाठी त्यांनी जहाजावरचाच कागद वापरला. हस्तलिखित २७५ पानांचं झालं. उजवा हात दुखू लागला की ते डाव्या हाताने लिहीत. सुमारे ४० पानं त्यांनी डाव्या हाताने लिहिली आहेत.

मार्च १९१० मध्ये मुंबई सरकारने या पुस्तकावर बंदी घातली. यंत्रांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या संस्कृतीवर पुस्तकात कडक टीका होती. हातकागदाचा पुढचा आग्रह समजून घ्यायचा तर त्याची मुळं इथे सापडतात.

साताऱ्याच्या माणसाने सांगितलेली पेन्सिलीची गोष्ट

काका कालेलकर हे गांधीजींचे जवळचे सहकारी. त्यांचा जन्म साताऱ्याचा, १८८५ चा. मराठी घरातला हा माणूस गुजराती साहित्यात इतका रमला की त्यांना सवाई गुजराती म्हटलं जाऊ लागलं. गांधीजींच्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या. त्यातली एक कागद-पेन्सिलीच्या या गोष्टीत बसणारी आहे.

डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं अधिवेशन होतं. एक दिवस गांधीजी आपल्या मेजावर काहीतरी शोधत होते. ते बेचैन दिसले म्हणून कालेलकरांनी विचारलं, तेव्हा समजलं की पेन्सिलीचा एक तुकडा हरवला आहे. लांबी दोन इंचांहूनही कमी. कालेलकरांनी आपली पेन्सिल पुढे केली, पण गांधीजींना तोच तुकडा हवा होता. मद्रासचे प्रकाशक जी. ए. नटेसन यांच्या लहान मुलाने तो त्यांना मोठ्या प्रेमाने दिला होता. अखेर दोघांनी मिळून शोधला, तुकडा सापडला, तेव्हाच गांधीजींचा जीव भांड्यात पडला.

या गोष्टीत काटकसर आहेच. पण लहान मुलाने दिलेली वस्तू टाकून देण्यासारखी नसते, ही भावना त्याहून मोठी आहे. घरातल्या मुलाने वेडीवाकडी कात्री चालवून केलेलं कार्ड आई-बाबा वर्षानुवर्षं कपाटात जपून ठेवतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

पाठकोरा म्हणजे नेमकं काय?

मराठीत एक नेमका शब्द आहे, पाठकोरा. एका बाजूला लिहिलेला किंवा छापलेला आणि मागून कोरा असलेला कागद. गांधीजींचं बरंचसं लेखन अशा कागदांवर झालं. आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजू, तारेच्या कागदांची पाठ, उलगडून उलटी केलेली पाकिटं हे सगळं त्यांच्याकडे लिहिण्यासाठी वापरात होतं. सोमवार हा त्यांचा मौनाचा दिवस. त्या दिवशी बोलायचं काम अशा चिठ्ठ्यांवर होई.

हिशेबात सांगायचं तर ए-फोर आकाराच्या, ८० जीएसएमच्या एका कागदाचं वजन साधारण ५ ग्रॅम असतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोरचे १६ कागद जोडले की एक चौरस मीटर होतो, त्यामुळे ८० भागिले १६ म्हणजे ५. एक पाठकोरा कागद वाचवला तर पाच ग्रॅम वाचले, हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण ५०० कागदांचं एक रीम सुमारे अडीच किलोचं असतं. एखाद्या कार्यालयात वर्षाला अशी किती रीम लागतात हे पाहिलं की आकडा किरकोळ राहत नाही.

गावातला कागद कुठे गेला?

महाराष्ट्रात हाताने कागद बनवण्याची परंपरा जुनी आहे. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्यामध्ये कागजीपुरा नावाचं गावच आहे. दौलताबादी आणि जुन्नरी कागद एकेकाळी नावाजलेले होते. दप्तरखान्यांतला कारभार अशाच हातकागदावर चाले. हा व्यवसाय करणाऱ्या घराण्यांचं आडनावच कागदी पडलं.

जुनी पद्धत अशी होती. ताग, जुने दोर, गोणपाट, मासेमारीची फाटकी जाळी असा माल भिजवायचा, चुन्यात मुरवायचा, ढेंकीने कुटायचा आणि धुऊन लगदा करायचा. हौदातल्या पाण्यात लगदा ढवळून त्यात साचा बुडवायचा आणि अलगद उचलायचा. पाणी गळून गेलं की साच्यावर तंतूंचा पातळ थर राहतो. तो उतरवून दाबायचा, वाळवायचा. शाई फुटू नये म्हणून खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. शाळेच्या हस्तकलेच्या साहित्यात आजही घोटीव कागद मागवला जातो, त्या नावात ही शेवटची क्रिया टिकून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्यांचा कागद स्वस्तात आणि एकसारखा मिळू लागला. सरकारी कचेऱ्यांची मागणी तिकडे वळली. कागदी घराण्यांकडचं काम कमी होत गेलं आणि अनेकांनी दुसरे धंदे धरले.

वर्ध्यात काय घडलं?

गांधीजींनी १९३४ च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला. अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे सचिव होते. जमनालाल बजाज यांनी संघासाठी आपली बाग आणि घर दिलं. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हटलं जाऊ लागलं. सेवाग्रामला राहायला जाण्यापूर्वी गांधीजी स्वतः इथे राहिले.

तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, मधमाशीपालन, साबण यांच्या बरोबरीने हातकागद हा संघाच्या कामाचा भाग होता. विधायक कार्यक्रमावरच्या १९४१ च्या पुस्तिकेतही गांधीजींनी ग्रामोद्योगांच्या यादीत कागदाचा उल्लेख केला. त्यांचं म्हणणं साधं होतं. शेतकऱ्याला वर्षातले काही महिने काम नसतं. गावात चिंध्या, काडीकचरा, तागाचा भुसा असतो. पाणी आणि हात असतात. एवढ्यावर कागद होतो. तो गावाने विकत घेतला तर पैसा गावात फिरतो.

याच सुमारास, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. त्यातून नई तालीम ही योजना पुढे आली. मुलांनी हाताने काही उपयोगी वस्तू बनवत शिकावं, हस्तव्यवसाय हा शिक्षणाच्या मध्यभागी असावा, ही त्यामागची कल्पना होती.

भारतातल्या हातकागदाकडे तेव्हा बाहेरच्यांचंही लक्ष गेलं होतं. अमेरिकेतले कागदाचे अभ्यासक डार्ड हंटर यांनी भारतात फिरून कागद बनवणाऱ्यांची माहिती गोळा केली आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तक काढलं.

पुण्याचा हातकागद

या कामाला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न पुण्यात झाला. के. बी. जोशी यांनी गांधीजींच्या प्रेरणेने १९४० मध्ये शिवाजीनगर भागात हातकागद संस्था सुरू केली. कागद बनवण्याची सोपी अवजारं, चांगला लगदा, प्रशिक्षण असं तिचं काम होतं. पुण्यातल्या चित्रकारांना आणि हस्तकला करणाऱ्यांना हातकागद म्हटलं की आजही आधी ही संस्था आठवते.

इथे मुख्य कच्चा माल कापसाच्या चिंध्या. कपडे शिवताना उरलेली कातरण बारीक करून तिचा लगदा केला जातो. त्यासाठी झाड तोडावं लागत नाही.

हातकागद जास्त का टिकतो?

यामागचं विज्ञान समजायला सोपं आहे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. ओला लगदा वाळताना तंतू एकमेकांना चिकटतात. त्यासाठी गोंद लागत नाही, तंतूंमधले हायड्रोजन बंध ते काम करतात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. लाकडात मात्र लिग्निन नावाचा पदार्थही बराच असतो. वर्तमानपत्राच्या कागदात तो राहून गेलेला असतो, म्हणून उन्हात ठेवलेलं वर्तमानपत्र काही दिवसांत पिवळं पडतं. कागदात आम्ल राहिलं तर तो ठिसूळही होतो. कापसाच्या, आम्ल नसलेल्या हातकागदाचं आयुष्य त्यामुळे खूप जास्त असतं.

दुसरा फरक तंतूंच्या दिशेचा. यंत्रावर लगदा वेगाने पुढे सरकतो, त्यामुळे बहुतेक तंतू एकाच दिशेला झोपतात. हाताने साचा हलवताना ते सगळीकडे पसरतात. कार्ड बनवणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. यंत्रावरची कार्डशीट दोन्ही दिशांनी अलगद वाकवून पाहा. ज्या दिशेने ती सहज वाकते, त्या दिशेने घडी घातली तर घडी सरळ पडते, उलट दिशेने घातली तर तडे जातात. हातकागदाला हा त्रास कमी असतो.

पाचगणी, जुलै १९४४

ऑगस्ट १९४२ मध्ये भारत छोडो आंदोलन सुरू होताच गांधीजींना अटक करून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आलं. आठवडाभरातच, १५ ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेव देसाई तिथेच गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांचं निधन झालं. गांधीजींची तब्येत ढासळली आणि ६ मे १९४४ रोजी सरकारने त्यांना सोडलं. काही आठवडे मुंबईत जुहूला राहून ते जुलैमध्ये पाचगणीला आले.

सुमारे १,३०० मीटर उंचीवरचं पाचगणी तेव्हाही निवासी शाळांसाठी आणि क्षयरोग्यांना मानवणाऱ्या हवेसाठी प्रसिद्ध होतं. गांधीजी दिलखुश बंगल्यात उतरले. विश्रांतीसाठी आलेल्या या माणसाचं काम मात्र थांबलं नाही. लंडनच्या न्यूज क्रॉनिकलचे वार्ताहर स्टुअर्ट गेल्डर त्यांना इथेच भेटले. राजाजींनी मांडलेल्या हिंदू-मुस्लिम तडजोडीच्या सूत्रावर देशभर चर्चा सुरू होती.

१७ जुलै १९४४ ही तारीख आणि पाचगणीचा पत्ता असलेली दोन पत्रं इथून गेली.

पहिलं पत्र ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांना. चर्चिल यांनी त्यांना एकदा फकीर म्हणून हिणवलं होतं. गांधीजींनी तो शब्द आपल्याला शोभेसा मानला, आपण तसे होण्याचा प्रयत्न करत आहोत असं कळवलं आणि दोन्ही देशांच्या, जगाच्या भल्यासाठी आपला उपयोग करून घ्यावा, आपल्यावर विश्वास ठेवावा अशी विनंती केली. पत्र अवघ्या काही ओळींचं होतं. ते वाटेत कुठेतरी अडकलं. पोहोचलं नाही हे समजल्यावर गांधीजींनी सप्टेंबरमध्ये ते पुन्हा पाठवलं.

दुसरं पत्र बॅरिस्टर महंमद अली जीनांना, गुजरातीत. दोघांची मातृभाषा तीच. आपल्याला शत्रू समजू नये, ठराल तिथे भेटू, असा त्याचा आशय होता. जीना तेव्हा काश्मीरमध्ये होते. त्यांनी मुंबईत भेटायची तयारी दाखवली. ९ ते २७ सप्टेंबर १९४४ या काळात जीनांच्या मलबार हिलच्या बंगल्यात दोघांच्या भेटी झाल्या. बोलण्याबरोबर लेखी पत्रव्यवहारही चालू होता. तोडगा निघाला नाही. तीन वर्षांनी देशाची फाळणी झाली.

म्हणजे पाचगणीच्या एका पत्राला उशीर झाला आणि दुसऱ्या पत्राने घडवलेली भेट निष्फळ ठरली. तरीही त्या दिवसाचं महत्त्व कमी होत नाही. पत्नी आणि मुलासारखा सचिव गमावलेला, आजारी, ७४ वर्षांचा माणूस ज्यांच्याशी सर्वात जास्त मतभेद होते त्या दोघांनाच एका दिवशी स्वतःहून लिहायला बसला होता.

पाच पाकिटांच्या पाठी

२ जून १९४७ हा सोमवार होता. व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांनी त्या दिवशी दिल्लीत प्रमुख नेत्यांना फाळणीची योजना दाखवली. त्यानंतर गांधीजी त्यांना भेटायला गेले. गांधीजी या योजनेला कडवा विरोध करतील अशी व्हाइसरॉयना धास्ती होती. पण मौनाचा वार असल्यामुळे गांधीजी बोलले नाहीत. त्यांनी वापरलेल्या पाकिटांच्या मागे पेन्सिलीने मजकूर लिहून दिला.

देशाच्या इतिहासातला इतका मोठा क्षण अशा टाकाऊ पाकिटांवर नोंदवला गेला. माउंटबॅटन यांनी ती पाकिटं जपून ठेवली.

त्यानंतर आठ महिन्यांनी, ३० जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींची हत्या झाली. त्यांचं लेखन पुढे सरकारने संकलित केलं. इंग्रजीत त्याचे १०० खंड झाले.

विचार किती टिकला?

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर अर्धा टिकला. गांधीजींच्या हयातीतही हातकागद गिरणीच्या कागदाशी किमतीत स्पर्धा करू शकला नाही. हजारोंच्या खपाची साप्ताहिकं हातकागदावर छापणं व्यवहारात बसणारं नव्हतं. ग्रामोद्योगांवर टीका करणारेही मोठे लोक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना खेड्याचं गोडवं गाणारी ही दृष्टीच मान्य नव्हती. जातीच्या उतरंडीत अडकलेल्या माणसाला खेडं मुक्ती देणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं. नेहरूंचा भर मोठ्या उद्योगांवर होता.

किमतीच्या प्रश्नाची दुसरी बाजूही गांधीजींनी मांडली होती. १९३५ मध्ये चरखा संघाने सूत कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी द्यावी, असा आग्रह त्यांनी धरला. त्यामुळे खादी महागणार हे उघड होतं. वस्तू स्वस्त असावी की ती बनवणाऱ्याचं पोट भरावं, या प्रश्नात त्यांनी बनवणाऱ्याची बाजू घेतली. हातकागदाची किंमत आजही मुख्यतः मजुरीची असते.

स्वातंत्र्यानंतर खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने हातकागदाचं काम पुढे नेलं. राजस्थानातल्या सांगानेरला कुमारप्पांच्या नावाने हातकागदाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या कागजी घराण्यांनी हातकागदाला देशाबाहेरही बाजारपेठ मिळवून दिली. पण या प्रवासात एक उलटापालट झाली. गावातल्या शाळेने आणि कचेरीने वापरावा म्हणून ज्याचा आग्रह धरला होता, तो कागद आता लग्नपत्रिका, भेटवस्तूंच्या पिशव्या आणि शुभेच्छापत्रांचा झाला. रोजच्या वहीत तो नाही.

शिवाय हातकागदाचं म्हणून विकलं जाणारं प्रत्येक कार्ड पर्यावरणाला बरं असतंच असं नाही. त्यावर चमकी, प्लास्टिकचं आवरण किंवा फॉइल चिकटवलं की त्याचा पुन्हा लगदा करणं अवघड होतं. साध्या कागदाचे तंतूही प्रत्येक पुनर्वापरात आखूड होतात. साधारण ५ ते ७ वेळांनंतर ते कागद धरून ठेवण्याइतके लांब राहत नाहीत. म्हणून लगदा करण्याआधी कागदाच्या दोन्ही बाजू वापरणं जास्त शहाणपणाचं. पाठकोऱ्या कागदाचा हिशेब इथे जुळतो.

घरच्या घरी एक कागद कसा कराल?

दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर करण्यासारखं हे काम आहे. खर्च जवळजवळ नाही.

१. दोन्ही बाजूंनी वापरून झालेले वहीचे कागद घ्या. पिना आणि चिकटपट्ट्या काढा. गुळगुळीत छपाईचे आणि प्लास्टिक लावलेले कागद टाळा.

२. लहान तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा. दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी घालून मिक्सरमधून थोडं थोडं फिरवा. फार बारीक करू नका, तंतू लांब राहिले तर कागद मजबूत होतो. ज्या भांड्यात लगदा फिरवाल ते पुन्हा खाण्यासाठी वापरू नका.

३. जुन्या फोटोफ्रेमच्या चौकटीवर डासांची जाळी ताणून बसवा. हा झाला साचा.

४. पसरट टबमध्ये पाणी आणि लगदा मिसळा. साचा आडवा बुडवा, सपाट ठेवून उचला, किंचित हलवा, पाणी गळू द्या.

५. साचा सुती कापडावर पालथा घाला, मागून स्पंजने पाणी टिपा आणि अलगद उचला. वर दुसरं कापड टाकून वजन ठेवा. नंतर सावलीत वाळवा.

६. पान किंवा पाकळी घालायची असेल तर ती आधी आठवडाभर वर्तमानपत्रात दाबून सुकवा. ओली पानं कागदावर डाग पाडतात आणि बुरशी धरतात. पाचगणीत भरपूर असलेल्या सिल्व्हर ओकची नेच्यासारखी कातरलेली पानं किंवा साधी नेच्याची पानं यासाठी छान. कागद ओला असतानाच पान ठेवा आणि वरून थोडा लगदा शिंपडा.

७. वाळलेला कागद शाई शोषून घेतो. लिहायचं असेल तर तांदळाच्या पेजेची पातळ खळ ब्रशने लावा, वाळू द्या आणि वाटीच्या गुळगुळीत बुडाने घोटा. पेन्सिल किंवा बॉलपेनने लिहायचं असेल तर खळीची गरज नाही.

कार्डावर पणती काढा, हादग्याचा हत्ती काढा किंवा हॅलोविनचा भोपळा. आकाराचं बंधन नाही. कडा सरळ कापू नका, त्या वेड्यावाकड्या कडांवरूनच हाताने केलेला कागद ओळखू येतो. उरलेला लगदा पिळून गोळा करून वाळवून ठेवा. पुढच्या वेळी तो भिजवून पुन्हा वापरता येतो.